बी.फार्म नंतर जर्मनी: दुकानाचं दार आणि कारखान्याचं दार



परदेशातल्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की फार्मसीच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "बी.फार्म झालंय. जर्मनीत मास्टर्स केलं तर तिथल्या फार्मा कंपनीत नोकरी मिळेल का?" याचं उत्तर "हो" असं देता येतं आणि ते खोटंही नाही. पण त्या "हो"च्या पोटात तीन-चार अटी दडलेल्या आहेत. त्या आधी माहीत नसल्या तर दोन वर्षं आणि घरच्यांचे पंधरा-वीस लाख रुपये खर्च झाल्यावर कळतात. म्हणून आज जरा निवांतपणे बघू, की जर्मनीच्या औषध उद्योगात फार्मसी शिकलेला माणूस नेमकं काय काम करतो, त्यातली कुठली कामं आपल्याला खुली आहेत आणि कुठल्या कामांना कुलूप आहे.

एकच पदवी, पण दारं दोन

आपल्याकडे बी.फार्म ही बहुउपयोगी पदवी आहे. चार वर्षं पूर्ण केली, राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी केली की तुम्ही 'रजिस्टर्ड फार्मासिस्ट'. हवं तर स्वतःचं मेडिकल टाका, हवं तर तारापूर, कुरकुंभ किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या एखाद्या प्लांटमध्ये क्यूए-क्यूसीला लागा. पदवी तीच, दारं दोन, आणि दोन्ही उघडी.

जर्मनीत ही दोन दारं वेगळी आहेत. तिथे औषधनिर्माणशास्त्राचा मुख्य अभ्यासक्रम बॅचलर-मास्टर्स पद्धतीचा नाही. तो 'श्टाट्सएक्झामेन', म्हणजे सरकारी परीक्षेचा अभ्यासक्रम आहे. विद्यापीठात चार वर्षं, त्यानंतर एक वर्ष प्रत्यक्ष काम (त्यातले किमान सहा महिने औषधाच्या दुकानात) आणि या प्रवासात तीन टप्प्यांची सरकारी परीक्षा. हे सगळं पार पडलं की राज्य सरकारकडून 'अप्रोबात्सियोन' मिळतं. हा कायमस्वरूपी व्यवसाय-परवाना. तो हातात असलेल्यालाच स्वतःला 'आपोथेकर' म्हणवून घेता येतं. तो शब्द कायद्याने राखीव आहे.

इथेच आपल्याकडचे बरेच जण गफलत करतात. जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठातून 'फार्मास्युटिकल सायन्सेस'मध्ये एम.एससी. केली म्हणजे तुम्ही तिथले फार्मासिस्ट झालात, असं नाही. ती संशोधनाची आणि उद्योगाची पदवी आहे, आणि उत्तम पदवी आहे. पण तिच्या जोरावर दुकानाच्या काउंटरमागे उभं राहता येत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: उद्योगातल्या बहुतेक नोकऱ्यांना तो परवाना लागतच नाही. म्हणजे पहिला निर्णय कुठलं विद्यापीठ हा नाही. कुठल्या दारातून आत जायचं, हा आहे.

दुकानातूनच निघालेले कारखाने

गंमत अशी की इतिहासात ही दारं एकच होती. डार्मश्टाटची मर्क कंपनी आपली सुरुवात १६६८ पासून मोजते. त्या वर्षी फ्रीडरिश याकोब मर्क यांनी तिथलं एक औषधांचं दुकान विकत घेतलं. १८२७ च्या सुमारास त्याच घराण्यातल्या हाइनरिश इमानुएल मर्क यांनी वनस्पतींमधले अल्कलॉइड मोठ्या प्रमाणावर बनवून विकायला सुरुवात केली आणि दुकानाचा कारखाना झाला. बर्लिनच्या शेरिंग कंपनीचं मूळही १८५१ मध्ये एर्न्स्ट शेरिंग यांनी काढलेल्या दुकानात आहे. अफूपासून मॉर्फिन वेगळं काढणारा सेर्ट्युर्नर हाही औषधाच्या दुकानात काम करणारा तरुण होता.

आपला धागाही या गोष्टीत आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९२० च्या दशकात बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९३५ मध्ये मुंबईत एक कंपनी काढली. तीच पुढची सिप्ला. पुढे जर्मन हेक्स्ट कंपनीचं मुलुंडमधलं संशोधन केंद्र मुंबईतल्या कितीतरी रसायनशास्त्रज्ञांची शाळा ठरलं. गेल्या पंचवीस वर्षांत प्रवाह उलटाही वाहिला. डॉ. रेड्डीज कंपनीने २००६ मध्ये आउग्सबुर्गची बेटाफार्म घेतली, टॉरेंटने २००५ मध्ये न्युर्नबर्गची हॉयमान घेतली, मुंबईच्या ल्युपिनने २००८ मध्ये फ्रँकफुर्टची हॉर्मोसान घेतली. म्हणजे जर्मनीच्या औषध उद्योगात आज भारतीय मालकीच्या कंपन्याही आहेत. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

एका गोळीची गोष्ट

कामाच्या पदांची यादी वाचून डोक्यात फारसं काही शिरत नाही. त्यापेक्षा खरी घडलेली गोष्ट घेऊ.

व्हल्सार्टान हे रक्तदाबाचं औषध. तुमच्या घरात कुणी ना कुणी या गटातली गोळी घेत असेल. २०१८ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या झजियांग ह्वाहाय या कंपनीने बनवलेल्या व्हल्सार्टानमध्ये एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली. हे नायट्रोसामीन कुळातलं रसायन माणसांत कर्करोग घडवू शकतं असं मानलं जातं. जुलै २०१८ मध्ये जर्मनीसह युरोपभर या मालापासून बनवलेल्या गोळ्या परत मागवल्या गेल्या. ही औषधं लाखो लोक रोज घेत होते.

ही अशुद्धी आली कुठून? कंपनीने २०१२ मध्ये औषध बनवण्याची रासायनिक कृती बदलली होती. नवी कृती स्वस्त आणि जास्त उत्पादन देणारी होती. तो बदल कागदोपत्री नियमानुसार मंजूरही झाला होता. पण नव्या कृतीतल्या द्रावकाच्या आणि सोडियम नायट्राइटच्या संयोगातून एनडीएमए तयार होऊ शकतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नेहमीच्या चाचण्यांत ते दिसलं नाही, कारण त्या चाचण्या ते शोधतच नव्हत्या. सहा वर्षं गोळ्या विकल्या गेल्या.

आता या गोष्टीत फार्मसीची माणसं कुठे कुठे उभी होती ते बघा.

पहिली जागा संशोधन आणि विकासाची. औषधाचा घटक शोधणं हे रसायनशास्त्रज्ञाचं काम असलं, तरी त्या घटकाची गोळी, कॅप्सूल किंवा इंजेक्शन बनवणं हा फार्मसीचा हातखंडा विषय आहे. फॉर्म्युलेशन, स्थिरता, विरघळण्याचा वेग, बायोइक्विव्हॅलन्स. इथे एम.एससी. चालते, पण स्वतःचा गट सांभाळायचा असेल तर जर्मनीत डॉक्टरेटची अपेक्षा धरलेली असते. नावापुढे 'डॉ.' असणं तिथल्या रसायन-औषध उद्योगात अजूनही वजनदार आहे.

दुसरी जागा विश्लेषणाची, म्हणजे क्यूसीची. एचपीएलसी, जीसी, मास स्पेक्ट्रोमेट्री. व्हल्सार्टान प्रकरणानंतर युरोपियन औषध संस्थेने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना आपापल्या औषधांत नायट्रोसामीनचा धोका आहे का ते तपासायला सांगितलं. त्यातून या विभागाला वर्षानुवर्षं पुरेल एवढं काम आलं. ज्यांना अत्यल्प प्रमाणातली अशुद्धी मोजता येते, त्यांची किंमत तेव्हापासून वाढली.

तिसरी जागा क्यूए, गुणवत्तेच्या हमीची. "कृती बदलली, आता काय काय तपासायला हवं?" हा प्रश्न विचारणं हे त्यांचं काम. याला चेंज कंट्रोल म्हणतात. आपल्याकडे प्लांटमध्ये काम केलेल्यांना हा शब्द रोजचा आहे, आणि बऱ्याचदा तो एक फॉर्म भरून संपवायचा विषय वाटतो. २०१२ चा तो बदल आठवला की या फॉर्ममागे काय पणाला लागलेलं असतं ते कळतं.

चौथी जागा रेग्युलेटरी अफेअर्सची. औषधाची नोंदणी, त्यातला प्रत्येक बदल, पत्रकावरचा प्रत्येक शब्द सरकारी यंत्रणेकडून मंजूर करून घेणं. जर्मनीत बहुतेक औषधांसाठी ही यंत्रणा म्हणजे बॉनमधली बीफार्म ही संस्था. लशी, रक्तापासून बनणारी औषधं आणि काही जैविक औषधं लांगेनच्या पाउल एर्लिश इन्स्टिट्यूटकडे जातात. युरोपभराची मंजुरी हवी असेल तर अॅमस्टरडॅमची युरोपियन औषध संस्था.

पाचवी जागा फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषध बाजारात आल्यावर त्याच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याची. जर्मनीला या कामाचं महत्त्व फार महागात पडून कळलं. ग्रुनेंथाल कंपनीचं कोंटेरगान हे झोपेचं औषध ऑक्टोबर १९५७ मध्ये बाजारात आलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यातलं थॅलिडोमाइड गरोदरपणी घेतल्यामुळे हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली. १९७८ पासून लागू झालेला जर्मन औषध कायदा या घटनेच्या छायेत लिहिला गेला. त्या कायद्यानुसार औषध विकणाऱ्या कंपनीला धोक्यांच्या माहितीसाठी एक ठरावीक जबाबदार व्यक्ती नेमावीच लागते. औषधाची माहिती आणि जाहिरात कायद्यात बसते की नाही हे पाहायलाही वेगळी व्यक्ती नेमावी लागते. डॉक्टरांना भेटून औषधाची माहिती देणाऱ्याची पात्रतासुद्धा तिथे कायद्याने ठरवलेली आहे. आपल्याकडे एमआर कुठल्याही शाखेचा पदवीधर असू शकतो. तिथे तसं नाही.

ज्याची सही, त्याची जबाबदारी

सहावी जागा मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथेच परवान्याचा प्रश्न पुन्हा येतो. युरोपात औषधाची एकही बॅच 'क्वालिफाइड पर्सन'च्या सहीशिवाय बाजारात जात नाही. जर्मन कायद्यात त्याला 'झाखकुंडिगे पेर्झोन', म्हणजे जाणकार व्यक्ती म्हणतात. बॅच नियमानुसार बनली आणि तपासली गेली याची ही व्यक्ती खात्री देते, आणि चूक झाली तर व्यक्तिशः कायद्यापुढे उभी राहते. म्हणून या पदाला मान आहे, पगार आहे आणि मागणीही आहे.

भारताच्या बाबतीत ही मागणी थोडी जास्तच. युरोपीय संघाबाहेरून आलेली प्रत्येक बॅच संघात पुन्हा तपासावी लागते, अपवाद फक्त परस्पर मान्यतेचा करार असलेल्या देशांचा. भारताशी तसा करार नाही. म्हणजे गोव्यात बनलेली गोळी जर्मन पेशंटच्या हातात पडण्याआधी युरोपातल्या प्रयोगशाळेतून आणि युरोपातल्या एका सहीखालून जाते. शिवाय भारतातून औषधाचा कच्चा घटक पाठवायचा असेल तर जुलै २०१३ पासून आपल्या सरकारी यंत्रणेचं लेखी प्रमाणपत्र लागतं. या सगळ्या व्यवहारात दोन्हीकडची पद्धत समजणारा माणूस फार उपयोगी पडतो.

ही सही करण्याचा हक्क कुणाला? कायद्यात दोन वाटा आहेत. एक, आपोथेकरचा परवाना. दुसरी, औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, वैद्यक किंवा पशुवैद्यक यातली विद्यापीठाची पदवी, आणि कायद्याने सांगितलेले विषय शिकल्याचा पुरावा. दोन्ही वाटांवर औषधांच्या तपासणीचा किमान दोन वर्षांचा अनुभव हवाच. म्हणजे परवाना नसला तर दार कायमचं बंद होत नाही, पण कागद जमवण्याचं काम वाढतं, आणि शेवटचा निर्णय त्या त्या राज्याच्या देखरेख कार्यालयाचा असतो. दहा वर्षांनी ही सही करायची इच्छा असेल तर तुमच्या अभ्यासक्रमाचे विषयवार तपशील आजपासूनच जपून ठेवा. तेव्हा कॉलेजच्या कार्यालयातून ते मिळवणं म्हणजे डोंगर खोदून उंदीर काढण्यासारखं होतं.

आपल्या पदवीचं तिथे काय होतं?

चार वर्षांची बी.फार्म साधारणपणे बॅचलर म्हणून धरली जाते आणि मास्टर्सला अर्ज करता येतो. तुमचं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, हे 'अनाबिन' या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात फुकट बघता येतं. तिथे नावापुढे 'एच प्लस' अशी खूण असेल तर बरं. एम.फार्म झालेल्यांना थेट नोकरीचा किंवा पीएच.डी.चा अर्ज करणं जास्त शहाणपणाचं असतं. दुसऱ्यांदा मास्टर्स करण्यात दोन वर्षं घालवायची का, याचा नीट विचार करा. जर्मनीत पीएच.डी. म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, आणि एम.फार्म असलेल्याला प्राध्यापकाला थेट ईमेल करून ती मिळू शकते.

फार्म.डी. झालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नावात 'डॉक्टर' असलं तरी जर्मनीत ती डॉक्टरेट मानली जात नाही. डी.फार्म झालेल्यांची तुलना आपोथेकरशी होत नाही. फार तर तिथल्या अडीच वर्षांच्या सहायक प्रशिक्षणाशी होऊ शकते.

आणि ज्यांना परवानाच हवाय? तीही वाट आहे, पण चढणीची. राज्याच्या यंत्रणेकडे अर्ज करायचा, ती तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाशी ताडून बघते. मोठा फरक आढळला, आणि भारतीय पदव्यांच्या बाबतीत तो बहुधा आढळतोच, तर 'केंटनिसप्रुफुंग' ही ज्ञानाची तोंडी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात औषध दुकानातलं प्रत्यक्ष काम आणि जर्मन औषध कायदा असतो. त्याशिवाय फार्मासिस्टांच्या चेंबरची व्यावसायिक भाषेची परीक्षा, आणि ती सी-१ पातळीची. दरम्यानच्या काळात मर्यादित मुदतीचा तात्पुरता परवाना मिळू शकतो.

हा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. तर जर्मनीत औषधांची दुकानं दरवर्षी कमी होतायत. २००८ च्या सुमारास २१ हजारांच्या वर होती, आता साधारण १७ हजार उरलीयत. पण जी आहेत त्यांना, खासकरून लहान गावांत, माणसं मिळत नाहीत. परवाना असला की दुकान, हॉस्पिटल, उद्योग आणि सरकारी कार्यालय ही सगळी दारं उघडतात. उद्योगात मंदी आली तर हा परवाना हाताशी असलेला माणूस उपाशी राहत नाही. ज्यांना भाषेची गोडी आहे त्यांनी ही वाट लांबची म्हणून सोडून देऊ नये.

भाषा: इथेच खरी चाळणी लागते

अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, म्हणून जर्मनचं नंतर बघू असं बरेच जण ठरवतात. ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. संशोधन विभागात, क्लिनिकल ट्रायलच्या कामात, जागतिक स्तरावरच्या रेग्युलेटरी टीममध्ये इंग्रजीवर भागतं. पण नव्याने शिकून बाहेर पडलेल्यांसाठीच्या जागा कुठे जास्त असतात? उत्पादनात आणि गुणवत्ता विभागात. तिथली बॅचची कागदपत्रं, एसओपी, मशीनवरच्या कामगाराशी बोलणं, तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याशी बोलणं, सगळं जर्मनमध्ये. कामगाराने "आज झडप थोडी अडकत होती" असं सांगितलं आणि ते तुम्हाला कळलं नाही, तर तो दोष कागदावर येतच नाही. औषधाच्या कारखान्यात भाषा ही सभ्यतेपुरती गोष्ट नाही, ती गुणवत्तेचा भाग आहे.

म्हणून निघण्यापूर्वी बी-१ पर्यंत पोचा आणि मास्टर्स संपेपर्यंत बी-२ च्या पुढे. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परदेशी भाषा विभाग आहे, ऑनलाइन वर्गही भरपूर आहेत. तिसऱ्या वर्षापासून आठवड्याला चार-पाच तास दिले तरी पुष्कळ.

कुठे जायचं आणि वारा कुठल्या दिशेने आहे?

जर्मनीत औषध उद्योग एका शहरात नाही, पट्ट्यांमध्ये आहे. ऱ्हाइन-माइन पट्ट्यात डार्मश्टाटला मर्क, फ्रँकफुर्ट-हेक्स्टला सानोफी, इंगेलहाइमला बोएरिंगर, माइन्झला बायोनटेक, बाड फिल्बेलला श्टाडा. दक्षिणेत उल्मला रॅशियोफार्म, बिबेराखला बोएरिंगरचं संशोधन, राव्हेन्सबुर्गला इंजेक्शन भरून देणारी फेटर, पेन्झबेर्गला रोश. पश्चिमेला लेव्हरकुझेनला बायर, आखेनला ग्रुनेंथाल. यातली बरीच गावं लहान आहेत. "मला बर्लिनच हवं" म्हणणाऱ्यापेक्षा बिबेराखला जायला तयार असलेल्याला नोकरी लवकर मिळते.

बाजाराचं चित्र संमिश्र आहे. बायरने २०२४ पासून जगभरात हजारो जागा कमी केल्या. दुसरीकडे लिली कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आल्झाय इथे सुमारे २३० कोटी युरोंचा कारखाना जाहीर केला, आणि सानोफीने २०२४ मध्ये फ्रँकफुर्टच्या इन्सुलिन उत्पादनासाठी सुमारे १३० कोटी युरो जाहीर केले. या दोन्ही गुंतवणुकी इंजेक्शनच्या, म्हणजे निर्जंतुक उत्पादनाच्या आहेत. निर्जंतुक औषधांसाठीचे युरोपचे सुधारित नियम ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले आहेत आणि ते पाळायला माणसं लागतात. तुम्ही भारतात स्टराइल विभागात वर्ष-दोन वर्षं काम केलं असेल, तर बायोडेटात ती ओळ वरती आणा.

आणि भारतीय मालकीच्या कंपन्या? तिथे आपली वर्णी सहज लागेल असं वाटतं, पण त्यांची रचना समजून घ्या. जर्मनीत जेनेरिक औषधांची किंमत मोठ्या प्रमाणावर आरोग्य विमा निधींच्या सवलत-करारांवर ठरते. २००७ नंतर हे करार सर्रास झाले आणि किमती कोसळल्या. डॉ. रेड्डीजला बेटाफार्मच्या व्यवहारात त्याचा जबर फटका बसला. त्यामुळे अशा कंपन्यांच्या जर्मन कार्यालयात संशोधन फारसं नसतं. रेग्युलेटरी, फार्माकोव्हिजिलन्स, बॅच सोडणं आणि विक्री एवढीच कामं, आणि तीही जर्मन बोलणाऱ्यांसाठी. मात्र भारतात त्याच कंपनीच्या युरोपसाठीच्या रेग्युलेटरी टीममध्ये दोन-तीन वर्षं काढली असतील, तर तो अनुभव जर्मनीतली कुठलीही कंपनी गांभीर्याने घेते.

पैसा आणि व्हिसा

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ फी. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता शुल्क घेतं. राहण्याखाण्यासाठी मात्र ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात (२०२५ चा आकडा). युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही आवश्यक आहे, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ते दिवस पिझ्झा पोचवण्यात सगळे घालवू नका. कंपन्यांत 'वेर्कश्टुडेंट' म्हणून विद्यार्थ्यांना अर्धवेळ घेतात, आणि पहिल्या नोकरीचा सर्वांत भरवशाचा रस्ता तोच आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. नोकरी लागली की ब्लू कार्ड. त्यासाठी २०२५ मध्ये वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागायचा, नव्या पदवीधरांना आणि टंचाईच्या क्षेत्रांना त्याहून कमी. हा आकडा दरवर्षी बदलतो. ५० हजार युरोंचं लाखांत रूपांतर करून हुरळून जाऊ नका. एकट्या माणसाला त्यातून कर आणि विमा वजा जाता महिन्याला साधारण २,६०० ते २,७०० युरो हातात येतात, आणि घरभाडं त्यातूनच.

एजंटांबद्दल एवढंच: "प्रवेशाची हमी" देणारे बहुधा खासगी संस्थांकडे नेतात, जिथे वर्षाला दहा-दहा हजार युरोंहून अधिक फी असते. सरकारी विद्यापीठाचा अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता. खासगी संस्था निवडायचीच असेल, तर आधीच्या तुकडीतले फार्मसीचे विद्यार्थी आता कुठे काम करतात ते त्यांनाच गाठून विचारा. नाव-गाव सांगता आलं नाही, तर समजून घ्या.

मग नेमकं काय करायचं?

तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असाल तर जर्मन सुरू करा आणि उन्हाळ्यात एखाद्या प्लांटमध्ये खरं काम बघा, नुसतं प्रमाणपत्र आणू नका. बी.फार्म झालेले असाल तर लगेच उड्डाण करण्यापेक्षा युरोपला माल पाठवणाऱ्या कंपनीत दोन वर्षं काम करण्याचा पर्याय खरोखर तोलून बघा. त्या अनुभवाने मास्टर्सचा अर्जही सुधारतो आणि नंतरची नोकरीही. रेग्युलेटरीत आधीच काम करत असाल तर बॉन विद्यापीठाचा नोकरी सांभाळून करायचा औषध-नियमनाचा मास्टर्स बघून ठेवा, जर्मनीत पोचल्यावर तो फार कामाला येतो. एम.फार्म असाल तर पीएच.डी.च्या जागा शोधा. आणि भाषा जमतेय, लोकांशी बोलायला आवडतं असं असेल, तर परवान्याची वाट मनातून काढू नका.

शेवटी एक. व्हल्सार्टानच्या गोष्टीत कायदा मोडण्याची गरजच पडली नव्हती. सगळे फॉर्म भरलेले होते, सगळ्या सह्या झालेल्या होत्या, फक्त "यातून आणखी काय तयार होऊ शकेल?" हा प्रश्न कुणी विचारला नाही. मुलाखतीला बसाल तेव्हा समोरची जर्मन व्यक्ती तुमचे मार्क क्वचितच बघेल. तुम्ही असा प्रश्न कधी विचारलाय का, आणि त्यानंतर काय केलंत, हे मात्र ती नक्की विचारेल. त्याचं उत्तर तयार करायला जर्मनीला जावं लागत नाही. ते इथल्याच प्रयोगशाळेत, इथल्याच शिफ्टमध्ये तयार होतं.